आतून घासलेला टोप

मित्रांनो, मला पाहणारा प्रत्येक जण आधी माझ्या बाहेरच्या चकाकीकडे बघतो. तुम्हीही तेच कराल आणि त्यात तुमची चूक नाही. पण माझे आयुष्य घडले ते आत, आणि बिघडले तेही आत. म्हणून मी आतलीच गोष्ट सांगणार आहे.

मी एक पितळी टोप आहे. रुंद तोंडाचा, जाड बुडाचा, दोन्ही बाजूंना कड्या असलेला. दोन किलो साखरेचा पाक माझ्यात आरामात मावतो. वय विचाराल तर नक्की सांगता येणार नाही, पण ज्या घरात मी होतो त्या घरातल्या लेकीपेक्षा मी मोठा आहे, आणि तिची लेक आता दुसरीत आहे.

आधी मी पितळेचा सपाट पत्रा होतो. एका तांबटाने मला आठ दिवस ठोकले. प्रत्येक ठोक्याला मी थोडा खोल गेलो. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. एवढे होऊनही मी स्वयंपाकाच्या कामाचा झालो नव्हतो. पितळेचे आणि आंबटाचे जमत नाही. उघड्या पितळेत आंबट पदार्थ राहिला की तो कळकतो. त्याला धातूची चव येते, कडेला हिरवट रंग धरतो, आणि खाणाऱ्याच्या पोटात ढवळून येते. म्हणून पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा थर देतात. त्याला कल्हई म्हणतात.

मला पहिली कल्हई झाली तो दिवस मी विसरलेलो नाही. कल्हईवाल्याने जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवले, भात्याने वारा घातला आणि मला लाल होईपर्यंत तापवले. मग नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, आणि त्याने कथलाची कांडी माझ्या अंगाला लावून कापसाच्या बोळ्याने एका फेरीत फिरवली. क्षणात मी आतून चांदीसारखा पांढरा झालो. हा थर कागदाहून पातळ असतो. काही महिन्यांत त्याची चमक जाते आणि तो करडा दिसायला लागतो, पण काम करत राहतो.

मला एका आईने आपल्या लेकीच्या नव्या संसारासाठी विकत घेतले. लेक दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला आली. तिचा नवरा फर्निचरच्या कारखान्यात लाकडाला पॉलिश करायचा. पुढे गल्लीत सगळे त्याला पॉलिशवाले काका म्हणू लागले आणि तिला काकू. मीही तेच म्हणेन.

घरात रोजच्या कामाला ॲल्युमिनियमची आणि स्टीलची भांडी होती. मी फळीवर असायचो. मला खाली काढले की गल्लीला कळायचे, काकू आज गुलाबजाम करणार. काकूंची लेक पास झाली, काकांचा पगार वाढला, शेजारणीच्या सुनेला बाळ झाले, काहीही कारण चालायचे.

काकूंचे काम बघण्यासारखे होते. त्या परातीत खवा घेऊन तळहाताच्या खालच्या भागाने रगडत बसायच्या. एकही कण हाताला लागता कामा नये. मग मैदा, चिमूटभर सोडा, थोडे दूध. गोळ्याला केसाएवढी भेग दिसली तरी तो मोडून पुन्हा वळायच्या. तळायला लोखंडी कढई असायची. ती माझी शेजारीण. तूप फार तापू द्यायचे नाही, हे तिला सांगावे लागत नसे. गोळा सोडला की तो आधी तळाशी बसायचा आणि मग हळूहळू वर यायचा. काकू गोळ्यांना झारा लावत नसत. झाऱ्याने फक्त तूप फिरवायच्या आणि गोळे आपापले लोळून सगळीकडून सारखे तांबूस व्हायचे.

तोवर माझ्यात पाक तयार असायचा. साखर, पाणी, वेलची आणि शेवटी लिंबाचे तीन थेंब, पाकाने पुन्हा साखर धरू नये म्हणून. तीनच. चौथा पडला तर काकू स्वतःशीच चुकचुकायच्या.

शेजारी एक शिवणवाल्या मावशी राहायच्या. कपडे शिवता शिवता त्या दारातून गप्पा मारायच्या. एकदा त्यांनी विचारले, "पाक थंड का केलास गं? उकळत्यात टाकले तर लवकर मुरतील ना?"

"गुलाबजाम कढईतून तापून आलेला असतो," काकू म्हणाल्या. "पाकाने तेव्हा कोमट राहायचं. दोघंही तापलेले असले की सुरकुत्या पडतात."

मग त्यांनी बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या काकांकडे मानेने खूण केली आणि हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं कोमट राहिलेय मी."

मावशी इतक्या हसल्या की त्यांच्या तोंडातली टाचणी खाली पडली.

गुलाबजाम माझ्यात चार तास मुरायचे. तेवढेच. मग काकू ते चिनी मातीच्या बरणीत काढायच्या आणि मला लगेच धुवायच्या. बाहेरून चिंच आणि मीठ. आतून फक्त साबण आणि जुन्या सुती साडीची चिंधी. आत घासणी लावायची नाही. लेक भांडी घासायला बसली की त्या आधी मला बाजूला काढून ठेवायच्या.

वर्षातून एकदा कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी भट्टी लावायचा. काकू मला घेऊन जायच्या आणि तिथेच उभ्या राहायच्या.

"ठेवून जा की काकू," तो म्हणायचा. "टोपच आहे. तुमची पोरगी आहे का?"

"पोरीला मास्तरांनी मारलं तर मी मास्तरांना बघून घेईन. याला डाग राहिला तर तुला बघून घेईन. चल, भाता ओढ."

आणि काका? काका वाईट नव्हते. कधी आवाज चढवला नाही, कधी ताट ढकलले नाही. संध्याकाळी केसांत लाकडाचा भुसा घेऊन यायचे, हातपाय धुवायचे, बसायचे. समोर वाटी यायची. ते एकामागून एक आठ गुलाबजाम खायचे आणि म्हणायचे, "बरे झालेत." काकूंना तेवढे पुरायचे. पुरत नसेलही. त्यांनी मला कधी सांगितले नाही. पण या सगळ्या वर्षांत काका स्वयंपाकघरात आले ते पाणी प्यायला. कढईत काय चालले आहे, माझ्यात काय आहे, हे त्यांनी वाकून कधी पाहिले नाही. पाहायची गरजच पडली नाही.

पुढे कल्हईवाल्याचे गुडघे गेले आणि तो यायचा बंद झाला. काकांची नोकरी संपली. लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. कल्हईसाठी काकू मला पिशवीत घालून बसने दोन तासांवरच्या गावी न्यायच्या. शेवटच्या वेळी निघताना काकांनी पेपर थोडा खाली केला.

"कुठे निघालीस?"

"टोपाला कल्हई करून आणते."

"बरं," काका म्हणाले आणि पेपर वर केला.

त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी काकूंना थंडी वाजून ताप भरला. त्या भिंतीला धरून चालत रिक्षापर्यंत गेल्या. जाताना गॅस बंद आहे ना, हे दोनदा बघून गेल्या. नवव्या दिवशी दुपारी काका एकटे घरी आले. हातात दवाखान्याची पिशवी होती आणि तिच्यात काकूंच्या चपला होत्या. त्यांनी चपला दाराशी ठेवल्या, नेहमीच्या जागी, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले.

मित्रांनो, मी धातू आहे. मला रडता येत नाही. घरात माणसे येऊन गेली, लेक पंधरा दिवस राहून गेली, आणि मग घर गप्प झाले. काका सकाळी चहा करायचे आणि दोन कप काढायचे. एक परत ठेवायचे. रोज.

एका दुपारी चहा उतू जाऊन गॅस विझला आणि काकांना कळलेच नाही. ते बाहेरच्या खोलीत बसून होते. वास मावशींना आला. त्या धावत आल्या, त्यांनी बटण बंद केले, खिडक्या उघडल्या आणि संध्याकाळी लेकीला फोन केला. दुसऱ्या दिवशी लेक आली.

"बाबा, आता पुरे. तुम्ही आमच्याकडे यायचं. हे घर सोडून द्यायचं."

"एकदा झालं. पुन्हा नाही होणार."

"काल मावशी नसत्या तर? आणि खाता काय तुम्ही? बिस्किटं? डबा उघडून बघितला मी, पिठालासुद्धा जाळी धरलीय."

"मी शिकेन स्वयंपाक."

"या वयात?"

काकांनी पिठाचा उघडा डबा बंद केला. मग म्हणाले, "हे घर भाड्याचं आहे. एकदा किल्ली दिली की दुसरं कुणीतरी येईल. तिचं स्वयंपाकघर मोडेल. मला ते बघवणार नाही. मला महिनाभर दे. महिन्यानंतरच्या रविवारी तू आणि गुंडी जेवायला या. मी सगळं करीन. शेवटी गुलाबजामसुद्धा. तुझ्या आईसारखे. ते जमले तर मी इथेच राहणार. नाही जमले तर तू म्हणशील तसं."

गुंडी म्हणजे लेकीची लेक. लेकीने वर फळीवर माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "गुलाबजामच कशाला, बाबा? साधी खिचडी करा."

"नाही. गुलाबजामच."

अशी पैज ठरली. काकांचे राहणे-जाणे माझ्यावर येऊन ठेपले, आणि मला मनातून आनंद झाला हे मी कबूल करतो. सात महिने मी फळीवर होतो. मला वाटले, मी काकूंचा आब राखीन.

पहिल्या वेळी काकांनी खवा नीट रगडला नाही आणि कढई मोठ्या आचेवर ठेवली. गोळे बाहेरून काळे झाले आणि आत कच्चे राहिले. दुसऱ्या गॅसवर माझ्यातला पाक आटत चालला होता, तिकडे त्यांचे लक्ष गेले नाही. तो करपून माझ्या तळाला चिकटला. खवा पाण्यात गेला म्हणून ते हळहळले नाहीत. पण मला करपलेला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला मोरीत नेले, साबण लावला, घासले. डाग निघेना. मग ते माळ्यावर चढले आणि आपली जुनी हत्यारांची पेटी काढली. तिच्यात पॉलिशपेपर होता.

काकांच्या धंद्यात एकच नियम होता. जितके घासाल तितके आतले सुंदर लाकूड वर येते. आधी जाड पेपर, मग बारीक, मग झिरो नंबरचा. चाळीस वर्षे त्यांनी हेच केले होते. खुर्च्या, कपाटे, पलंग, सगळे त्यांच्या हाताखाली उजळून गेले होते. मळ काढला की खरा रंग दिसतो, हे त्यांना माहीत होते. दुसरे काही माहीत नव्हते.

ते मोरीच्या कट्ट्यावर बसले, मला मांडीत घेतले आणि आतून पेपर फिरवू लागले. करपट निघाला. त्याखाली करडा थर होता. तो त्यांना मळ वाटला. त्यांनी तोही घासला. हळूहळू खालचे पिवळे पितळ दिसू लागले तशी त्यांच्या हाताला घाई आली.

मला ओरडून सांगायचे होते, काका, थांबा. ते पांढरे काढू नका, तो माझा अंगरखा आहे, तो गेला की मी तुमच्या कामाचा राहणार नाही. पण टोपाला तोंड मोठे असले तरी आवाज नसतो.

"अगं," काका रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "बघ तरी. आतूनसुद्धा सोनं निघालं. इतकी वर्षं नुसता मळ साचला होता."

सात महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिले. आणि त्याच वेळी काकूंचा शेवटचा हात माझ्या अंगावरून पुसला जात होता.

त्यानंतर ते मला रोज घासू लागले. करपलेले असो, नसो. दुपारी जेवण झाले की मी त्यांच्या मांडीत. झिरो पेपर आणि तीळभर तेल. घासताना ते काकूंशी बोलायचे, पाण्याचा नळ गळतो ते सांगायचे, गुंडीचा दात पडला ते सांगायचे. त्यांची झोप सुधारली. मावशी आणून द्यायच्या ती भाजी ते खाऊ लागले. मला घासण्यात त्यांचे दुःख थोडे झिजत होते. माझी कल्हई पूर्ण झिजली.

दुसऱ्या वेळी गुलाबजाम बरे तळले गेले, पण पाकाने साखर धरली. सकाळी गोळ्यांवर खडे जमले होते. काका वाटी घेऊन मावशींकडे गेले.

मावशींनी गुलाबजाम दाताखाली धरला. "भाऊ, हा गुलाबजाम आहे की खडीसाखर? दात पडला असता माझा. लिंबू पिळलंत का?"

"लिंबू? गुलाबजामात?"

"पाकात हो. साखर धरू नये म्हणून. ती पिळायची ना."

"किती?"

मावशी मशीन चालवत होत्या. "थोडंसं. अर्धं पिळा, नाही तर काय. एवढ्या मोठ्या टोपाला."

त्यांना तीन थेंब माहीत नव्हते. त्यांनी गप्पा मारताना कधी मोजले नव्हते.

ठरलेला रविवार आला. शनिवारी दुपारीच काकांनी सगळे केले होते. या वेळी खवा लोण्यासारखा रगडला. आच मंद ठेवली. कढईपाशी स्टूल घेऊन बसले आणि उठले नाहीत. गोळे तळाशी बसून हळूहळू वर आले, लोळले, तांबूस झाले. मी काकांकडे पाहत होतो. काकूंना दाखवावेसे वाटावे इतके ते गोळे जमून आले होते. माझ्यात पाक उकळला, त्यात अर्धे लिंबू पडले, पाक कोमट झाला आणि त्यात गुलाबजाम आले. एकालाही सुरकुती पडली नाही.

चार तासांनी बरणीत काढायचे असतात, हे काकांना ठाऊक नव्हते. त्यांनी आयुष्यभर गुलाबजाम वाटीत पाहिले होते. शिवाय लेकीने मला पाहावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी मला बाहेरून चिंच लावून लखलखीत केले, वर ताटली झाकली आणि ओट्याच्या मधोमध ठेवले. उघडे पितळ, अर्ध्या लिंबाचा पाक, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचा वेळ. मित्रांनो, मी तेव्हा काय करत होतो ते सांगायला मला लाज वाटते. मी माझ्या अंगातले विष थेंबाथेंबाने त्या पाकात सोडत होतो. मला ते थांबवता येत नव्हते.

लेक आणि गुंडी आल्या. भात, डाळ, बटाट्याची भाजी झाली. भात थोडा गिचका होता, पण लेक म्हणाली, "बाबा, डाळ चक्क छान झालीय!" काकांनी मान खाली घातली, पण त्यांचे कान लाल झाले होते. मावशींनाही बोलावले होते, त्या दुपारी उशिरा येणार होत्या.

मग काकांनी मला दोन्ही कड्यांना धरून उचलले आणि जेवणाच्या जागी आणून ठेवले.

"अगंबाई," लेक म्हणाली. "आईचा टोप. केवढा चमकतोय!"

"आतूनसुद्धा," काका म्हणाले. "गुलाबजाम संपले की बघ."

त्यांनी वाट्या भरल्या. गुंडीने सगळ्यात आधी घास घेतला. तिचे चघळणे थांबले.

"आजोबा, हे कसलंतरीच लागतंय."

"कसलं?"

"मी एकदा नाणं तोंडात धरलं होतं ना, तसं."

"गुंडे, गप्प बस," लेक म्हणाली. तिने स्वतः एक खाल्ला. तिचा चेहरा क्षणभर तसाच राहिला. मग तिने दुसरा उचलला. "छान झालेत, बाबा."

"खरं सांग."

"खरंच. आईसारखे."

आणि तिने तिसराही खाल्ला. एक, दोन, तीन. मी मोजत होतो. वडील इथे राहिले तर काळजी तिलाच लागणार होती, तरी ती त्यांना जिंकू देत होती. काकांनी स्वतःची वाटी अजून उचलली नव्हती. ते लेकीकडे बघत बसले होते. इतके सुखी मी त्यांना पूर्वीही कधी पाहिले नव्हते.

गुंडी सतरंजीच्या कडेला बसली होती. ती एकदम "आई" म्हणाली आणि तिला उलटी झाली. तिला पाणी पाजेपर्यंत लेकीचा चेहरा पांढरा पडला. ती मोरीकडे धावली. काका मधे उभे राहिले, एक हात नातीच्या पाठीवर आणि डोळे मोरीच्या दाराकडे. त्याच वेळी मावशी आल्या. त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी काय खाल्ले ते विचारले, औषध दिले, सांगितले की पोट रिकामे झाले ते बरे झाले, संध्याकाळपर्यंत उतरेल. आणि तसे उतरलेही. गुंडी पाच वाजता साखर-मिठाचे पाणी पिऊन झोपली.

मावशी माझ्याजवळ आल्या. त्यांनी झाऱ्याने एक गुलाबजाम उचलून बाजूला केला. पाकाच्या रेषेवर माझ्या कडेने हिरवट कडे धरले होते. त्यांनी बोटाने ते पुसले आणि आत पाहिले.

"भाऊ, याची कल्हई कुठंय?"

"कसली कल्हई?"

"आत पांढरं असतं ते."

काका जवळ आले. "तो मळ होता. मी घासून काढला. महिनाभर लागला."

लेक भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे मिटून घेतले.

"ती कल्हईला जाते म्हणायची," काका म्हणाले. "मला वाटायचं, बाहेरून चमकवून आणत असेल."

"अहो भाऊ, त्याच्या जिवावर तर हे भांडं चालतं. ते गेलं की आंबट लागून विष होतं." मावशींनी झारा खाली ठेवला. "आणि मी मेली, अर्धं लिंबू पिळा म्हणून सांगितलं. मला काय ठाऊक, तुम्ही आत..." त्या थांबल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "चाळीस वर्षं जेवलात ना हो यातलं? एकदा तरी आत डोकावायचं."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर काकांनी उत्तर दिले असते.

ते खाली बसले. त्यांनी माझ्यात पाहिले. पाक होता, हिरवट कडे होते, आणि खाली पिवळे पितळ, जे त्यांनी स्वतःच्या हाताने काढले होते. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मग त्यांनी वर न बघता विचारले, "तिने किती दिवस टिकवली होती ही?"

"दर वर्षी नवी करायची," लेक म्हणाली. "तुम्ही घासली ती शेवटची होती, बाबा."

लेकीने ते दुखावण्यासाठी म्हटले नव्हते. पण ते तोंडातून निघून गेले. काकांनी मान हलवली.

थोड्या वेळाने लेक उठून त्यांच्याजवळ आली. "बाबा, पैज वगैरे काही नाही. तुम्हाला इथे राहायचं तर राहा. आपण बाई लावू स्वयंपाकाला."

"नाही," काका म्हणाले. "मी येतो. मला इथलं काहीच माहीत नाही गं. चाळीस वर्षं राहिलो, पण काहीच माहीत नाही."

आठ दिवसांत घर आवरले. काकूंची चिनी मातीची बरणी मावशींनी मागून घेतली. लोखंडी कढई कुणाला दिली ते मला कळले नाही. तिचा माझा निरोप झाला नाही. मला एका जुन्या चादरीत गुंडाळून लेकीच्या घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या कपाटावर पालथा ठेवले. नवी कल्हई कुठे होते ते लेकीने विचारून पाहिले. दोन तासांवरच्या गावातला कल्हईवालाही आता राहिला नाही, असे कळले. मी आता आगीवर चढत नाही. पाहणारे मला शोभेची वस्तू समजतात आणि म्हणतात, काय चमकतोय.

काका कपाटाखालच्या स्टुलावर बसतात. आधी लेक त्यांना म्हणायची, "बाबा, मधे मधे येऊ नका ना." आता म्हणत नाही. ते बघतात. डाळीवर झाकण का ठेवलेस, हे आधी का टाकलेस, आच कमी का केलीस, असे विचारतात. ती कधी नीट सांगते, कधी वैतागून सांगते. सोमवारी ती कामाला जाण्याच्या घाईत होती. काकांनी मोरीतले भांडे उचलले, उजेडाकडे धरले, आत बोट फिरवून पाहिले आणि मग तिला हाक मारली.

"अगं, हे कशाने घासू?"

"काळ्या तव्याला नुसता कपडा, बाबा. बाकी कशानेही घासा."

त्यांनी मान हलवली. तवा त्यांनी नुसत्या कपड्याने पुसला, सावकाश, फार वेळ. लेक केव्हाच निघून गेली होती.

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. मला घासू नका, पुसू नका, माझी आठवणही ठेवली नाहीत तरी चालेल. आज घरी गेलात की सरळ स्वयंपाकघरात जा. हाताला येईल ते भांडे उचला आणि त्याच्या आत बघा. मग ते ज्यांच्या हातात रोज असते त्यांना विचारा, हे असे का आहे, याला काय चालते, याला काय चालत नाही. ते हातातले काम टाकून सांगतील. कदाचित वैतागतील, पण सांगतील. काकांनाही अजून एक गोष्ट विचारायची आहे. पाकात लिंबाचे थेंब नक्की किती घालायचे, हे त्यांनी लेकीला विचारले, मावशींना फोन करून विचारले. कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे.